लाल दिवा कुणाला?

खोपोली ते पाताळगंगा या पट्ट्यातल्या कारखान्यांत सुटीच्या वेळी गेटवर जी रांग लागते, तिच्यातल्या प्रत्येकाची झडती घेणं कुणालाच परवडत नाही. घेणाऱ्याकडे तेवढी माणसं नसतात आणि देणाऱ्याची बस सुटते. म्हणून साधारण दहात एकाची घ्यायची. तो एक कोण, हे पूर्वी सिक्युरिटीवाला ठरवायचा. बाजूला काढलेल्यांचे कपडे आणि पिशव्या पाहिल्या, ते कुठल्या वाडीवरून येतात ते ऐकलं, की तो कसा ठरवतो तेही कळायचं. पुढे मशीन आलं. कार्ड लावायचं, हिरवा दिवा लागला तर चालू पडायचं, लाल लागला तर शेजारच्या खोलीत जायचं.

मी कर्जतला राहते आणि खालापूर तालुक्यातल्या कारखान्यांची डेटाबेसची कामं करते. हजेरी, पगार, कँटीनची कुपनं, गेटपास असली ही कामं. कर्जतहून खोपोलीची गाडी पकडायची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्टेशनं येईपर्यंत आदल्या दिवशीची क्वेरी डोक्यात पुन्हा चालवून होते. या कामात रँडम आकडा हा विषय इतक्या वेळा येतो, हे शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात तो अर्ध्या पानाचा असतो.

त्या दिव्याच्या मशीनसाठी एका कारखान्यानं मला बोलावलं, तेव्हा तक्रार चमत्कारिक होती. बरेच दिवस कुणालाच लाल दिवा लागायचा नाही आणि मग एखाद्या दिवशी अख्ख्या शिफ्टला लागायचा. तीनशे माणसं झडतीच्या खोलीबाहेर उभी. वायर सैल असेल म्हणून इलेक्ट्रिशियननं दिव्याची सगळी जोडणी बदलून पाहिली होती. सॉफ्टवेअर ज्यांनी दिलं ते कधीच काम सोडून गेले होते. मी टेबल उघडलं, तर तीनशे ओळींच्या पुढे एकच आकडा, शेवटच्या दशांशापर्यंत तोच.

एसक्यूएलमधलं रँड हे फंक्शन शून्य आणि एक यांच्यामधला एक अपूर्णांक देतं. माय-एसक्यूएलमध्ये प्रत्येक ओळीला नवा आकडा मिळतो, पोस्टग्रेसमधलं रँडमही तसंच वागतं. एसक्यूएल सर्व्हर मात्र एका क्वेरीत रँड एकदाच चालवतो आणि आलेला आकडा सगळ्या ओळींना वाटून टाकतो. हा त्याचा दोष म्हणता येणार नाही, माहितीपत्रकात ते लिहिलेलं आहे. तर शिफ्ट सुरू होताना एक क्वेरी चालायची, सगळ्यांना तोच अपूर्णांक मिळायचा, आणि तो ०.१ पेक्षा लहान निघाला की सगळेच लाल. यातली गंमत अशी की महिन्याच्या अहवालात सारं ठीक दिसत होतं. दहात एक दिवस सगळ्यांची झडती, म्हणजे सरासरी दहा टक्केच. मॅनेजरच्या टेबलावरचा तक्ता अगदी देखणा होता.

यावर एका ओळखीच्या प्रोग्रामरनं फोनवर उपाय सांगितला: प्रत्येकाचा टोकन नंबर रँडला सीड म्हणून दे, मग आकडे वेगळे येतील. सीड म्हणजे ज्या आकड्यावरून यंत्र पुढची आकडेमोड सुरू करतं तो. चालवून पाहिलं. आकडे वेगळे आले खरे, पण टोकन १ ला ०.७१३५९, टोकन २ ला ०.७१३६१ आणि टोकन १०० ला ०.७१५४३. शेजारच्या सीडना शेजारचेच आकडे. हजारावर टोकनं घेतली तरी सगळी ०.७१ आणि ०.७५ च्या मधे कोंबलेली. असं केलं असतं तर लाल दिवा कुणालाच कधी लागला नसता, आणि मला वाटतं त्याबद्दल तक्रारही आली नसती.

एसक्यूएल सर्व्हरवर चालणारी वाट म्हणजे न्यूआयडी. ते दर ओळीला ३६ अक्षरांचा नवा ओळखक्रमांक देतं. त्याचा चेकसम, म्हणजे त्यावरून निघणारा एक पूर्णांक, काढायचा, त्याला दहानं भागून बाकी घ्यायची, उणे चिन्ह काढायचं. क्रम हाच ठेवायचा. आधी चिन्ह काढून मग भागायला गेलं, तर चेकसम कधीतरी उणे २,१४,७४,८३,६४८ निघतो. तेवढा मोठा धन आकडा त्या प्रकारात मावतच नाही आणि क्वेरी तुटते. चार अब्जांत एकदा होणारी गोष्ट आहे, पण ती रात्रपाळी सुटतानाच होणार याची मला खात्री आहे.

असल्या बारीक चुका किती ठिकाणी बसलेल्या असतात! दसऱ्याच्या लकी ड्रॉसाठी शून्य ते नऊ यांतला अंक काढायचा म्हणून कुणीतरी रँडला नऊनं गुणून राउंड केलेलं असतं. पूर्णांकाला जवळचा आकडा घेतला की शून्य आणि नऊ या दोन टोकांच्या वाट्याला इतरांच्या निम्मीच जागा येते. ज्यांच्या टोकनाच्या शेवटी शून्य किंवा नऊ आहे, त्यांना मिक्सर मिळण्याची शक्यता वर्षानुवर्षं अर्धी. दहानं गुणून खालचा पूर्णांक घेतला की झालं, पण त्यासाठी आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

माझ्याबरोबर तेव्हा चौक गावचा एक मुलगा शिकाऊ म्हणून होता. त्यानं विचारलं, "मॅडम, पण मशीन हा आकडा आणतं कुठून?" कुठून आणत नाही, आधीच्या आकड्यावर गणित करतं, हे त्याला पटेना. गणित असेल तर रँडम कसं? प्रश्न बरोबर होता. १९४० च्या दशकात जॉन फॉन नॉयमननं अशा आकड्यांची एक रीत काढली होती: चार अंकी संख्या घ्या, वर्ग करा, मधले चार अंक उचला, पुन्हा वर्ग करा. काही वेळ आकडे छान विस्कटलेले दिसतात आणि मग अडकतात. २१०० वर आलात की पुढे ४१००, ८१००, ६१००, आणि पुन्हा २१००. आम्ही कागदावर करून पाहिलं. मग मी त्याला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं उलटं काम दाखवलं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजाबाकी करा, तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. त्यानं स्वतःच्या गाडीचा नंबर घेतला, ४८३१. ८४३१ वजा १३४८ म्हणजे ७०८३, मग ८३५२, मग ६१७४. तिसऱ्याच पायरीला. पोरगा हसायला लागला. आता रँडम आकड्यांची रीत शोधणाऱ्याला ज्या विहिरीत पडायची धास्ती असते, ती कापरेकरांनी मुद्दाम शोधून काढली होती, एवढं त्याच्या लक्षात आलं. आजच्या रीती कितीतरी लांब जातात आणि फिरून त्याच जागी यायला त्यांना इतका काळ लागतो की आपल्या हयातीत प्रश्न येत नाही. तरी त्या मोजून काढलेल्याच असतात.

दिवे दुरुस्त झाले आणि तक्रारी वाढल्या.

आधी सगळ्यांना एकदम लागायचा, तेव्हा लोक वैतागायचे, पण कुणी कुणावर संशय घेत नव्हतं. आता प्रत्येकाला स्वतंत्र दहात एक. पॅकिंगमधल्या एकाला लागोपाठ तीन दिवस लाल लागला आणि तो सरळ टाइम ऑफिसात आला. "मॅडम, माझाच नंबर कसा काय लागतोय? दुसरं कुणी नाय का कंपनीत?" त्याचं म्हणणं मी मोजून पाहिलं. लागोपाठ तीन दिवस लागण्याची शक्यता हजारात एक. पण कारखान्यात तीन शिफ्ट मिळून नऊशे माणसं, महिन्याचे सव्वीस दिवस. म्हणजे दर महिन्याला वीसेक जणांच्या बाबतीत हे होणारच, आणि वीसही जण आपापल्या चहाच्या टेबलावर ते सांगणार. दुसऱ्या टोकाला, महिनाभर एकदाही लाल न लागलेली माणसं पन्नास-साठ निघतात. ही पन्नास-साठ माणसं बाकीच्यांना साहेबाची माणसं वाटतात. त्यांतली काही जण खरोखरच सुपरवायझरच्या गावची असतात, कारण तीन-चार गावांतूनच तर निम्मा कारखाना भरलेला असतो.

हे मी एचआरच्या बैठकीत मांडलं. समोरून प्रस्ताव आला तो अपेक्षितच होता: पाळी लावा. सगळ्यांचा एकदा नंबर लागल्याशिवाय कुणाचा दुसऱ्यांदा लावू नका. डेटाबेसमध्ये हे सोपं आहे. यादी पिसायची आणि एकेक करून संपवायची. पिसायची रीत फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये दिलेली आहे. वाटणी अगदी सारखी होते. पण मग आज ज्याची झडती झाली, त्याला पुढचे काही दिवस आपल्याकडे कुणी बघणार नाही हे पक्कं माहीत असतं. ज्याला तांब्याची वायर न्यायची आहे त्याला याहून चांगली सोय नाही. झडतीला धाक हवा असेल तर काल लागलेल्याला आज पुन्हा लागू शकला पाहिजे. माणसांना मात्र वाटणी हवी असते. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि दोन्हींना सगळे रँडमच म्हणतात, त्यामुळे बैठकीत भांडण नक्की कशावर चाललंय तेच बराच वेळ कळत नाही.

याच सुमारास रँडम अक्षरांचंही एक काम आलं. बाहेरून येणारे ड्रायव्हर आणि ठेकेदार यांना एक दिवसाचा पास द्यायचा, त्यावर सहा अक्षरी कोड. ओ आणि शून्य, आय आणि एक यांचा घोळ होतो म्हणून चारही काढून टाकले की ३२ चिन्हं उरतात. सहा जागा म्हणजे एक अब्ज सात कोटींवर कोड. पुरेसे वाटतात ना? पण साधारण साडेअडतीस हजार पास दिले की कुठले तरी दोन सारखे निघण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. वर्गात तेवीस मुलं असली की दोघांचा वाढदिवस एका दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, तोच हा हिशोब. त्यामुळे कोडच्या कॉलमवर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच कोड दुसऱ्यांदा बसू न देणारी अट, लागतोच. धडकला तर नवा काढायचा. शिवाय इथं रँड चालत नाही. ओळीनं काही आकडे हाती आले तर पुढचा ओळखता येऊ शकतो. कोड म्हणजे किल्ली, तिच्यासाठी एसक्यूएल सर्व्हरमध्ये वेगळं फंक्शन आहे, क्रिप्ट-जेन-रँडम.

हे सगळं शास्त्रशुद्ध झालं आणि गेटवर हरलं. पावसाळ्यात केबिनच्या पत्र्यावर आवाज चालू, ट्रक सुरू, आणि एक सिक्युरिटीवाला दुसऱ्याला फोनवर कोड सांगतोय: बी, डी, पी, टी, ई. पलीकडच्याला पाचही एकच ऐकू येतात. शेवटी अक्षरं काढली आणि आठ अंक ठेवले. तिथंही पहिल्या आठवड्यात गोंधळ, कारण मराठी बोलणारा जोडीनं अंक वाचायचा, एकोणनव्वद म्हणायचा, आणि उत्तर प्रदेशातला त्याचा साथीदार त्याचं काय करायचं हे विचारत बसायचा. त्याला नवासी कळलं असतं. एकेक अंक सुटा वाचायचा, असा कागद केबिनमध्ये चिकटवला. आठ अंकांचे दहा कोटी कोड होतात. एका दिवशी दोनशे पास चालू असले तर अंदाजानं ठोकलेला आकडा लागायची शक्यता पाच लाखांत एक. गेटसाठी एवढं पुष्कळ.

चाचणीसाठी खोटी माणसं तयार करायचं कामही असतं. खऱ्या कामगारांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून नावं, आडनावं, गावं यांच्या याद्या करून रँडम जुळवायच्या. कशेळे, कडाव, नेरळ, वावोशी, मोहोपाडा, सगळ्या गावांना सारखी माणसं मिळतात. खऱ्या कारखान्यात तसं कधीच नसतं. म्हणून खोट्या माहितीवर चटकन चालणारी गावनिहाय क्वेरी खऱ्या माहितीवर रेंगाळते. एवढं एकदा कळलं की पुढच्या वेळी गावांना वजन द्यायचं, आणखी काही नाही.

दिव्यांचा प्रश्न तसाच होता. तो हलवला तो मेंटेनन्समधल्या एका काकांनी. खालापूरकडचे, घरची भातशेती, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. ते म्हणाले, "तुमचं गणित असंल बरोबर. पण तहसीलला सरपंचाच्या आरक्षणाची सोडत निघती ना, तवा काचेच्या बरणीत चिठ्ठ्या टाकतात, शाळंतलं पोर बोलावतात, ते हात घालतं. सगळी बघतात. ज्याचं गाव जातं तो शिव्या घालत घरी जातो, पण बरणीला कुणी खोटं म्हणत नाय. तुमच्या डब्यात हात कोण घालतं ते आम्हाला दिसतं का?"

त्यांचाच दुसरा दाखला मला जास्त लागला. एका वर्षी पीक कापणी प्रयोगाला त्यांच्या भाताचं शेत निघालं होतं. कृषी खात्याचा माणूस कागदावरचे रँडम आकडे घेऊन आला, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभा राहिला, लांबीकडे इतकी पावलं, रुंदीकडे इतकी, असं करत जागा ठरवली आणि तिथंच चौकोन आखला. चौकोन नेमका पडलेल्या भातावर आला. शेजारी उभं पीक चांगलं होतं. "पण मी बोललो नाय. आकडा आधी वाचून दाखवला व्हता." या पद्धतीमागे मराठी माणसाचं मोठं काम आहे. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात रँडम नमुना घेऊन पिकाचा अंदाज काढायची रीत देशभर बसवली; त्यांचं आणि वि. गो. पानसे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक १९५४ चं. तेव्हा संगणक नव्हता, छापील तक्ते होते. टिपेटनं १९२७ मध्ये ४१,६०० अंकांचा तक्ता छापला होता. अशा पानावरचे आकडे ओळीनं घेत जायचं. आमच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातही, जिथून कर्जत-३ सारखे वाण आले, प्रयोगाच्या वाफ्यांत कुठला वाण कुठे लावायचा ते असंच चिठ्ठीच्या न्यायानं ठरतं, नाहीतर चांगल्या जमिनीचं श्रेय वाणाला मिळेल. तक्त्याचा गुण असा, की तो समोर असतो. आकडा कुठल्या ओळीतून घेतला, हे कुणालाही पडताळता येतं.

निवडणुकीत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. कर्जत विधानसभा मतदारसंघ, क्रमांक १८९, यात कर्जत तालुका आणि खालापूरचा बराचसा भाग येतो. मतदान यंत्रांची सरमिसळ संगणकावरच होते: पहिली जिल्ह्याच्या पातळीवर, कुठली यंत्रं कुठल्या मतदारसंघाला; दुसरी मतदारसंघात, कुठलं यंत्र कुठल्या केंद्राला. पण ती पक्षांच्या आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर करतात आणि यंत्रांच्या क्रमांकांची यादी त्यांच्या हातात देतात. सॉफ्टवेअरच्या आत कुणी पाहत नाही. हातातली यादी मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या यंत्राशी जुळवून बघता येते.

काकांच्या बोलण्यावरून मी जे केलं ते तांत्रिकदृष्ट्या काही थोर नाही. न्यूआयडी काढून टाकलं. शिफ्ट सुटायच्या पाच मिनिटं आधी गेटवर हाऊजीची पिशवी येते, गणपतीत खेळतात तीच, १ ते ९० ची. रांगेतला जो कुणी पुढे असेल तो तीन सोंगट्या काढतो आणि मोठ्यानं वाचतो. क्रम धरला तर ७,०४,८८० प्रकारे त्या निघू शकतात. ते तीन आकडे, तारीख आणि प्रत्येकाचा टोकन नंबर एकत्र करून हॅशबाइट्स या फंक्शनला द्यायचे. त्यांवरून निघालेल्या हॅशप्रमाणे, म्हणजे कालवून काढलेल्या आकड्याप्रमाणे, यादी लावायची. वरचे दहा टक्के लाल. सोंगट्या निघेपर्यंत मलासुद्धा यादी सांगता येत नाही. निघाल्यावर ती कुणीही, कुठल्याही संगणकावर पुन्हा काढली तरी तीच येते. काल लागलेल्याला आज लागायची शक्यता तेवढीच राहते, आणि दर शिफ्टला बरोबर तीस जण लागतात, त्यामुळे एचआरही खूश. आकडे आणि यादी फळ्यावर लिहितात. काकांचा नातू पनवेलला कॉम्प्युटर शिकतो, त्यानं सुरुवातीला घरी बसून यादी पडताळून पाहिली. जुळली. त्यानंतर काकांना स्वतःला एका आठवड्यात दोनदा लाल लागला, तर "सोंगटीच तशी आली" म्हणून ते खोलीत गेले.

लागोपाठ तीनदा लागणारे वीसेक जण आजही दर महिन्याला असतात. ते येऊन मला काही विचारत नाहीत.

कँटीनमधल्या एका मावशींनी मात्र विचारलं. फळ्यावरची यादी बराच वेळ वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, यात सगळी आमचीच नावं हायत. ती गाड्यावाली साहेबमंडळी त्या दुसऱ्या गेटानं जातात, ती कुठल्या पिशवीत?" साहेबमंडळींचं टेबलच वेगळं होतं, आणि झडतीच्या क्वेरीत ते जोडलेलं नव्हतं. कुणाला पिशवीत घालायचं हे ठरवायचा अधिकार माझा नव्हता, म्हणून मी तो प्रश्न जसाच्या तसा ईमेलमध्ये लिहून एचआरला पाठवला. उत्तर यायला वेळ लागला. आता ते टेबल जोडलेलं आहे आणि गाड्यांच्या गेटलाही दिवा बसवला आहे. लाल लागला की ड्रायव्हर उतरून डिकी उघडतो. मागच्या सीटवरच्यांना उतरावं लागत नाही.